साखळीचा वेग

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनी, ९ फेब्रुवारीला दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय मी कळवला तेव्हा आयोजकांपैकी एका ज्येष्ठ मित्रांनी फोन केला. म्हणाले, "लोखंड्यांच्या नावाचं व्याख्यान, आणि विषय खाटीकखान्यातले संप? तेही अमेरिकेतल्या?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला लोखंड्यांच्याच कामात सापडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुटी हवी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशा त्या मागण्या होत्या. १० जून १८९० ला रविवारची सुटी पदरात पडली आणि लोखंड्यांचं नाव त्या सुटीशी कायमचं जोडलं गेलं. त्याच अर्जातली आणखी एक मागणी मात्र आपण विसरलो. कामावर जबर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज करावी.

हात गेला तर पुढे काय, हा प्रश्न त्या अर्जात एकशे चाळीस वर्षांपूर्वी विचारलेला आहे. ज्या धंद्याने माणसांचे असंख्य हात खाल्ले, त्या धंद्यातल्या संपांबद्दल मी आज बोलणार आहे. मांस खावं की न खावं, हा वाद आज बाजूला ठेवू. मला सुऱ्याची मूठ धरणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

शिकागोच्या दक्षिणेला दलदलीची जमीन होती. रेल्वे कंपन्यांनी ती विकत घेतली, बुजवली, आणि १८६५ च्या नाताळात तिथे युनियन स्टॉक यार्ड्‌स नावाचा गुरांचा प्रचंड बाजार उघडला. पश्चिमेच्या कुरणांतून गुरं आगगाडीने यायची. शेजारीच आर्मर, स्विफ्ट अशा कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. गुस्ताव्हस स्विफ्टने बर्फाच्या थंडाव्याचे रेल्वे डबे वापरात आणले आणि शिकागोत कापलेलं मांस हजार मैलांवरच्या न्यूयॉर्कला ताजं पोचू लागलं. गावोगावचा खाटीक आता नुसता दुकानदार राहिला.

कारखान्याच्या आत घडलेला बदल याहून मोठा होता. पूर्वीचा खाटीक जनावर मारण्यापासून तुकडे करण्यापर्यंत सगळं एकटा करायचा. तो कारागीर होता. शिकागोत जनावर आकड्याला उलटं टांगलं जाई, डोक्यावरच्या रुळावरून पुढे सरकत राही, आणि माणूस जागेवर उभा असे. एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने डोकं उतरवायचं, तिसऱ्याने पोट फाडायचं, चौथ्याने पाठीचं कातडं सोडवायचं. अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांनी १९०४ साली हे काम पाहून नोंदवलं, की एका जनावरावरचं काम तीसहून अधिक प्रकारच्या कामगारांत वाटलेलं आहे आणि त्यांना तासाला १६ सेंटांपासून ५० सेंटांपर्यंत वीस वेगवेगळे दर आहेत. पन्नास सेंटवाले अगदी मोजके होते, कातडं न फाडता सोलणारे, कणा नेमका दुभागणारे. बाकीच्यांचं काम कोणताही धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत शिकू शके.

या सरकत्या आकड्यांना तिथले कामगार साखळी म्हणतात. हेन्री फोर्डने मोटारींच्या कारखान्यात जी सरकती जुळणी आणली, तिची कल्पना शिकागोच्या या डोक्यावरच्या रुळांवरून आली, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. विसाव्या शतकातला कारखाना कसा चालेल, हे आधी खाटीकखान्यात ठरलं. साखळी असेल तिथे कामगाराला 'लवकर कर' असं सांगावं लागत नाही. मुकादमाने मागे एक चक्र फिरवलं की पुढच्या शंभर माणसांचे हात आपोआप जलद चालू लागतात. तासाचा दर कागदावर तोच राहतो आणि त्या तासात हातून निघणारं काम वाढतं. म्हणून या धंद्यातल्या जवळजवळ प्रत्येक संपात, मागणीपत्रात शब्द कोणतेही असोत, खरा प्रश्न एकच असतो. साखळीचा वेग कोण ठरवणार?

त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. काम एका दिवसात शिकता येत असेल तर फाटकाबाहेर उभा असलेला कोणताही माणूस तुमची जागा घेऊ शकतो. त्या काळी कारखान्यांच्या फाटकाशी रोज पहाटे बेकारांची गर्दी जमायची आणि मुकादम त्यातून माणसं वेचून आत घ्यायचा. आपल्या गिरण्यांच्या गेटावर बदली कामगार उभे राहायचे, तसंच. तो बाहेरचा माणूस आपला की परका, यावर पुढच्या दीडशे वर्षांतल्या सगळ्या संपांचं भवितव्य ठरलं, असं माझं म्हणणं आहे.

१८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसाची लाट शिकागोत उठली तेव्हा यार्डातल्या कामगारांनी आठ तास मिळवले. त्याच वर्षीच्या हिवाळ्याआधी मालकांनी ते परत हिसकावले. १८९७ साली, म्हणजे प्लेगात रुग्णांची सेवा करता करता लोखंडे गेले त्याच वर्षी, अमेरिकेत खाटीक कामगारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. मायकेल डॉनेली तिचे अध्यक्ष झाले. डॉनेलींना एक गोष्ट लवकर उमगली. पन्नास सेंटवाल्या कारागिरांची वेगळी संघटना बांधून भागणार नाही. सोळा सेंटवाला लिथुएनियन, पोलिश, स्लोव्हाक मजूर बाहेर राहिला, तर मालक त्याच्याच हातात सुरा देईल. म्हणून सभा अनेक भाषांत होऊ लागल्या. व्यासपीठावरून एक वाक्य बोललं जायचं आणि दुभाषे ते आपापल्या लोकांना सांगायचे.

१२ जुलै १९०४ चा संप यातून आला. त्याची मागणी नीट ऐका. साध्या मजुराला तासाला किमान साडेअठरा सेंट मिळावेत. कारागिरांच्या दराचं मालकांशी जमलं असतं. तरीही हे कारागीर सुरे ठेवून बाहेर पडले, ज्यांची भाषाही त्यांना कळत नव्हती अशा माणसांच्या दोन सेंटांसाठी. देशभरात पन्नास हजारांच्या आसपास कामगार संपावर होते. आठवड्याभरात लवादाचा समझोता झाला, २२ जुलैला लोक कामावर परतले, आणि मुकादमांनी पुढाऱ्यांना वेचून बाहेर ठेवायला सुरुवात करताच त्याच दिवशी पुन्हा बाहेर आले. कंपन्यांनी दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आणले, कारखान्यांतच त्यांच्या खाटा टाकल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला संप फसला. शेवटच्या दिवसांत समाजसेविका जेन अ‍ॅडम्स मध्यस्थीसाठी आर्मर कंपनीच्या मालकाला भेटल्या, तेव्हा कुठे तडजोडीने कामावर परतण्याची वाट निघाली.

संप फसल्यानंतर अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक शिकागोत आला, सात आठवडे कामगारांच्या वस्तीत राहिला, आणि त्यातून 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. १९०६ च्या फेब्रुवारीत ती पुस्तकरूपाने निघाली आणि जूनच्या अखेरीला अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. साहित्याने कायदा घडवल्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट वर्गावर्गांत सांगितली जाते. मला ती सांगताना दुःख होतं. लेखकाने माणसांची होरपळ लिहिली होती. वाचकांना आपल्या ताटातलं मांस घाण असल्याची धास्ती वाटली. सरकारी तपासनीस साखळीशेजारी उभा राहिला तो मांस तपासायला. ते मांस कापणाऱ्या बोटांवर कोणाची नजर नव्हती, आणि साडेअठरा सेंटही त्या कायद्यात कुठे नव्हते.

पहिल्या महायुद्धात कामगारांची टंचाई पडली आणि वारं फिरलं. जॉन फिट्‌झपॅट्रिक आणि विल्यम फॉस्टर यांनी यार्डातल्या सगळ्या संघटना एका मंडळाखाली आणल्या. मार्च १९१८ मध्ये लवाद म्हणून नेमलेल्या न्यायाधीश सॅम्युएल अल्शुलर यांनी आठ तासांचा दिवस दिला. ३२ वर्षांपूर्वी हिसकावलेले आठ तास परत आले. आता बाकी होतं ते दक्षिणेतून आलेल्या हजारो कृष्णवर्णीय कामगारांना जोडणं. त्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा? यार्डातल्या कितीतरी कारागीर संघटनांचे दरवाजे त्यांना बंद होते. १९०४ मध्ये जे गोरे संपकरी त्यांना शिव्या देत होते, तेच आता 'भाऊ' म्हणून हाक मारत होते. तरी प्रयत्न झाला. ६ जुलै १९१९ ला गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एकत्र सभा भरवली. तीनच आठवड्यांनी मिशिगन सरोवरात पोहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलावर दगड फेकले गेले, तो बुडाला, आणि शिकागोत वांशिक दंगल पेटली. ३८ माणसं मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय होते. दंगल शमली तेव्हा ती एकजूटही जळून गेली होती. ५ डिसेंबर १९२१ ला पगारकपातीविरुद्ध संप झाला, मालकांनी पुन्हा तोच उपाय केला, आणि फेब्रुवारीपर्यंत संप मोडला.

इथे मला आपल्या गिरणगावाकडे वळावंच लागतं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं होतं, की अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात मज्जाव आहे, ती बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो विटाळ सवर्ण विणकरांना नको होता. साचेखात्यात पगार जास्त होता, म्हणजे विटाळाची किंमत दरमहा पगारातून वसूल होत होती. ज्याला आपण चांगल्या कामाच्या खात्यात येऊ देत नाही, त्याच्याकडून संपाच्या वेळी एकजूट कोणत्या तोंडाने मागायची? शिकागोतल्या कृष्णवर्णीय कामगाराचाही हाच प्रश्न होता. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली तेव्हा सलोख्यासाठी धडपडणाऱ्यांत लोखंडे होते. कामगार संघटनेचं काम गेटावर सुरू होत नाही, ते वस्तीत सुरू होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता एका छोट्या गावाकडे जाऊ. मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचं गाव आहे. तिथे हॉर्मेल कंपनीचा कारखाना, आणि गावाचा सगळा संसार त्यावर. १९३३ मध्ये मंदीच्या ऐन भरात तिथल्या कामगारांनी संघटना काढली, तिचं नावच 'सर्व कामगारांची स्वतंत्र संघटना' असं होतं. कारखान्यातले खाटीक, दुकानातले नोकर, गाडीवाले, सगळे तिच्यात. फ्रँक एलिस हा त्यांचा पुढारी. नोव्हेंबरात त्यांनी काम थांबवलं आणि घरी जाण्याऐवजी कारखान्यातच ठाण मांडलं. अमेरिकेतल्या पहिल्या बैठ्या संपांपैकी हा एक. शीतगृहाची यंत्रं त्यांच्या ताब्यात गेली आणि आतलं मांस सडायला किती तास लागतील, याचा हिशेब मालकाला करावा लागला. राज्याचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन स्वतः ऑस्टिनला आले, बोलणी घडवून आणली, आणि प्रश्न लवादाकडे गेला. बैठा संप तीन दिवसांत मिटला आणि संघटना पक्की झाली.

याच वातावरणातून १९४३ मध्ये देशभरातल्या मांस कारखान्यांची नवी संघटना उभी राहिली, युनायटेड पॅकिंगहाऊस वर्कर्स. तिने १९१९ चा धडा मनावर घेतला होता. गोऱ्या-काळ्यांचे वेगळे नळ, वेगळ्या कपडे बदलायच्या खोल्या, कृष्णवर्णीय स्त्रियांना फक्त आतडी धुण्याच्या खात्यात ठेवणं, यांविरुद्ध लढणं हे तिने संघटनेचं रोजचं काम मानलं. साखळीचा वेग वाढला की त्या खात्यातला प्रतिनिधी हात वर करी, आणि तीस-चाळीस सुरे एकदम खाली ठेवले जात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाशवंत मालाच्या धंद्यात दहा मिनिटं फार असतात. मागचं जनावर पुढे सरकत नाही, पुढचं माणसांविना लटकत राहतं, आणि मुकादम चक्र उलटं फिरवतो.

१९४८ मध्ये या संघटनेचा मोठा संप हरला. तासाला २९ सेंटांची वाढ मागितली होती, कंपन्या ९ सेंट द्यायला तयार होत्या, आणि दोन महिन्यांहून अधिक दिवसांनंतर बहुतेक ठिकाणी ९ सेंटांवरच परतावं लागलं. तरीही संघटना टिकली. १९०४ आणि १९२२ च्या पराभवानंतर सगळं धुळीला मिळालं होतं, या वेळी मिळालं नाही, कारण आतली माणसं वंशाच्या रेषेवर फुटली नाहीत. पुढच्या दशकात याच संघटनेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीला पैसा पुरवला, आणि १९५७ मध्ये किंग शिकागोत तिच्या व्यासपीठावर बोलले. सुऱ्याचं काम करणाऱ्या माणसाला त्या वर्षांत चांगला पगार मिळू लागला. इतर कारखान्यांतल्या सरासरी पगाराहून तो वरचढ होता. घर, मोटार, मुलांचं कॉलेज हे सगळं त्यातून उभं राहिलं.

मग मालकांनी कारखानाच उचलला. १९६० मध्ये आयोवा राज्यात आयोवा बीफ पॅकर्स ही कंपनी निघाली. शहरात गुरं आणण्यापेक्षा कारखाना गुरांजवळ न्यायचा, जिथे संघटना नाही अशा खेड्यात. १९६७ पासून तिने अख्खी धडं पाठवण्याऐवजी कारखान्यातच तुकडे करून खोक्यात भरून पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे शहरातल्या दुकानांतल्या कुशल खाटकांचीही गरज कमी झाली. नेब्रास्कातल्या तिच्या डकोटा सिटीच्या कारखान्यात १९६९, १९७७ आणि १९८२ मध्ये कडवे संप झाले, आणि १९८२ मध्ये तिथे नॅशनल गार्डचे सैनिक उतरले. जुन्या कंपन्यांनी शिकागोतले कारखाने एकेक करून बंद केले. १९७१ च्या जुलैअखेर युनियन स्टॉक यार्ड्‌सला कुलूप लागलं.

आता पुन्हा ऑस्टिन, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथे आहे. १९७८ मध्ये हॉर्मेलने नवा कारखाना बांधायचं ठरवलं, तेव्हा कामगारांनी सवलती दिल्या, उभारणीसाठी आपल्या कमाईतला पैसा कर्जाऊ दिला, आणि नवा कारखाना सुरू झाल्यावर तीन वर्षं संप करणार नाही असं लिहून दिलं. १९८२ मध्ये कारखाना सुरू झाला. यंत्रं नवी, वेग नवा. मनगटातली नस दबून रात्री हात बधिर होणं, सुरा धरणारी बोटं सकाळी उघडता न येणं, हे घराघरातलं दुखणं झालं. ऑक्टोबर १९८४ मध्ये कंपनीने तासाचा दर १० डॉलर ६९ सेंटांवरून ८ डॉलर २५ सेंटांवर आणला. २३ टक्के कपात, आणि कंपनी तेव्हा नफ्यात होती.

पी-नाईन या स्थानिक शाखेचे अध्यक्ष जिम गायेट यांच्या नेतृत्वाखाली १७ ऑगस्ट १९८५ ला सुमारे दीड हजार कामगार बाहेर पडले. बायकांनी मदत समिती काढली. धान्याची कोठी चालू केली, देशभरातून ट्रक भरून शिधा आला. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. त्या थंडीत पहाटे मोटारींची रांग लावून लोक फाटकाचा रस्ता अडवत. १३ जानेवारी १९८६ ला कंपनीने कारखाना उघडला आणि नवी कायमची माणसं भरती करायला घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच मालकाला तशी मुभा देऊन ठेवली होती. आठवड्याभरात गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी नॅशनल गार्ड पाठवलं. १९३३ मध्ये ज्या फार्मर-लेबर परंपरेचे गव्हर्नर मध्यस्थीला आले होते, त्याच परंपरेतल्या पक्षाच्या गव्हर्नरांनी या वेळी फाटक उघडं ठेवायला सैनिक धाडले. संपकऱ्यांनी कंपनीच्या दुसऱ्या गावांतल्या कारखान्यांपुढे पहारे लावले. आयोवातल्या ओटम्वा इथे शेकडो कामगारांनी तो पहारा ओलांडायला नकार दिला आणि त्या एका नकारासाठी नोकऱ्या गमावल्या.

पण पी-नाईनच्या मातृसंघटनेला हा संप नको होता. तिचं म्हणणं मी न्यायाने मांडतो. धंदा बदलतो आहे, ठिकठिकाणी पगार कोसळताहेत, अशा वेळी सगळ्या देशात एक किमान दर आधी स्थिर केला पाहिजे, आणि एका गावाने एकट्याने पुढे धावून इतरांचं नुकसान करू नये. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण तो घसरत्या पगाराचा हिशेब होता, आणि ऑस्टिनच्या कामगाराच्या मनगटाचं दुखणं त्या हिशेबात मावत नव्हतं. मार्च १९८६ मध्ये मातृसंघटनेने संपाची मान्यता काढली. पुढे स्थानिक शाखेचा कारभार ताब्यात घेतला. चारशेहून अधिक जुने कामगार स्वतः फाटकातून आत गेले होते. सख्ख्या भावांपैकी एक आत आणि एक बाहेर, अशी घरं होती. सप्टेंबरात करार झाला. दर जवळपास पूर्वीइतका झाला, पण तो आत असलेल्यांना. बाहेरच्या शेकडो लोकांना फक्त 'जागा निघाली तर बोलावू' अशी यादी मिळाली. संपकऱ्यांनी संघटनेच्या इमारतीच्या भिंतीवर मोठं चित्र काढून ते तेव्हा तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांना अर्पण केलं होतं. वाळूचा मारा करून तेही खरवडून काढलं गेलं, मालकाच्या हुकमावरून नव्हे, संघटनेच्या नव्या कारभाऱ्यांच्या हुकमावरून.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून काय आठवत असेल ते मला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर. आपल्याकडे १९४६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटना एकच होती, आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले होते. ज्यांच्याकडे मान्यता होती त्यांच्यामागे माणसं नव्हती, आणि ज्यांच्यामागे माणसं होती त्यांच्याकडे मान्यता नव्हती. ऑस्टिनची आणि लालबागची जखम या एका ठिकाणी सारखी आहे. बाकी तुलना मी ताणणार नाही.

मी त्या वेळी अकरावीत होतो. वडील साचेखात्यात. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक बदली कामगार राहायचा. नऊ वर्षं बदलीच. सकाळी गेटावर उभा राहायचा, काम मिळालं तर आत, नाहीतर दहा वाजता परत. संपाच्या नवव्या महिन्यात तो पोलिसांच्या गाडीतून गिरणीत गेला. संध्याकाळी तो जिना चढून आला तेव्हा सगळ्या मजल्याने दारं लावून घेतली. आमचं दार मीच लावलं. त्याच्या बायकोला नळावर कोणी पुढे होऊ दिलं नाही. पुढे वर्षभरात ते खोली सोडून गेले. बदली कामगारांना कायम करा ही मागणी संपाच्या यादीत होती, म्हणजे तो संप त्याचाही होता. पण वडील म्हातारपणी एकदा मला म्हणाले, "कागदावर त्याला आपण कायम करत होतो रे. नऊ वर्षांत त्याला पानसुपारीला कुणी बोलावलं होतं?" त्या वाक्यानंतर मी शिकागोचा इतिहास वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो.

आता एक जिंकलेली लढाई सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या टार हील गावात स्मिथफील्ड कंपनीचा डुकरांचा कारखाना आहे. १९९२ ला सुरू झाला, रोज ३२ हजार डुकरं कापण्याची क्षमता, पाच हजारांच्या आसपास कामगार. संघटना हवी की नको यावर १९९४ आणि १९९७ मध्ये झालेल्या दोन निवडणुकांत संघटना हरली. दरम्यान कंपनीने कामगारांना धमकावलं, बेकायदा काढून टाकलं, असं कामगार मंडळाने आणि पुढे अपील न्यायालयाने ठरवलं. कारखान्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेले कामगार शेजारी उभे असत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. नोव्हेंबर २००६ मध्ये कागदपत्रं जुळत नाहीत म्हणून काही स्थलांतरितांना काढलं, तेव्हा सुमारे हजार कामगार काम टाकून बाहेर आले. काढलेल्यांना परत घ्यायला कंपनी तयार झाली. दोन महिन्यांनी कृष्णवर्णीय कामगारांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुटी मागितली, आणि त्या मागणीत स्थलांतरितही उतरले. ज्याचा सण आपला नाही, त्याच्या सुटीसाठी आपला खाडा. डिसेंबर २००८ मध्ये पुन्हा मतदान झालं. २,०४१ विरुद्ध १,८७९ मतांनी संघटना जिंकली. सोळा वर्षं लागली.

म्हणून काही सगळं ठीक झालं असं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये करोना या कारखान्यांत पसरला, कारण साखळीपुढे माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी हे कारखाने चालू राहावेत असा आदेश काढला. अमेरिकी संसदेच्या समितीने नंतर सांगितलं, की पाच मोठ्या कंपन्यांत पहिल्या वर्षभरात किमान ५९ हजार कामगारांना लागण झाली आणि किमान २६९ जण दगावले.  त्याआधी, २०१९ मध्ये, डुकरांच्या कारखान्यांसाठी तासाला १,१०६ ही वेगाची मर्यादा सरकारने उठवली होती. म्हणजे मिनिटाला अठरा डुकरं, आणि तेही कमी वाटत होतं. संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०२१ मध्ये मिनेसोटातल्या न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण वेग वाढवताना कामगारांच्या सुरक्षेचा विचारच केला गेला नव्हता. त्याच वर्षी सरकारने काही कारखान्यांना प्रयोग म्हणून जादा वेगाची वाट पुन्हा मोकळी केली. १८८६ पासूनची ही ओढाताण अजून चालू आहे.

मित्रहो, संपाचा इतिहास आपण बहुतेक वेळा संप सुरू झाला त्या दिवसापासून सांगतो. १९०४ चा संप फसला तो दक्षिणेतून मजूर आले म्हणून, असं लिहिलं जातं. मला वाटतं तो त्याआधीच्या वर्षांत फसला, ज्या वर्षांत त्या मजुरांना कोणी सभेला बोलावलं नव्हतं. टार हीलमध्ये यश आलं तेही मतदानाच्या दिवशी आलेलं नव्हतं.

आज या शहरात गोदामांत पार्सलं भरणाऱ्या, दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या, कंत्राटदाराच्या मस्टरवर नाव नसलेल्या लाखो मुलांच्या डोक्यावर एक साखळी सरकते आहे. तिचं चक्र मुकादमाच्या हातात नाही, मोबाइलच्या पडद्यात आहे, एवढाच फरक. ती मुलं उद्या काम थांबवतील तेव्हा त्यांच्या जागी कोण येईल, हे शहर आजच ठरवतं आहे. आणि हात दुखावला तर पूर्ण पगार, ही १८८४ ची मागणी त्यांच्यासाठी अजून अर्जातच आहे.

आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे. टोकाच्या खोलीतला तो माणूस पुढे कुठे गेला, मी बऱ्याच जणांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. दार लावताना मी त्याच्याकडे पाहिलं होतं. त्याच्या हातात पगाराचं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात, बहुधा आम्हा मुलांसाठी, कागदात बांधलेले बत्तासे. आजचं व्याख्यान लोखंड्यांच्या स्मृतीला आहेच. त्यातला थोडा वाटा त्या माणसाला द्यावा, अशी परवानगी मी आपल्याकडे मागतो.